मुकी मेहुणी

मी बातम्या देत नाही. मी मोटारसायकल चालवतो.
पेट्रोल बाटलीनं घेतो, रविवारी चेन पुसतो,
आणि मासिका मागे बसली की खड्डे चुकवतो.
तिला मणक्याचं दुखणं आहे,
रेडिओवर ते कळत नाही.

चेहऱ्यानं तिला कुणी ओळखत नाही.
डोक्याला फडकं, पायांत प्लॅस्टिकच्या सपाता;
बाजारात बायका तिला कोपरानं ढकलून पुढे जातात.
पण तिनं टोमॅटोचा भाव विचारला
की माना वळतात.
पूर्वी आवडायचं तिला ते.
एक म्हातारी दोन अॅव्होकॅडो वर टाकायची,
'तू आमच्या घरातलीच' म्हणत.
दाराखालून चिठ्ठी आली,
शुद्धलेखनाच्या चार चुका असलेली,
तेव्हापासून मासिका टोमॅटो बोटानं दाखवते.

त्या मंगळवारी आम्ही एका नावासाठी गेलो.

आमच्याकडे पहिला मुलगा म्हणजे बहुधा मुम्बेरे.
माझा थोरला मुम्बेरे, भावाचाही मुम्बेरे,
गल्लीत हाक मारली तर पाच पोरं ओ देतात.
टेकडीपलीकडच्या गावात रात्री माणसं मारली.
यादी आली, तिच्यात मुम्बेरे दोनदा,
आणि स्टुडिओत कुणीतरी घाईत
एक खोडला, चुकून पुन्हा लिहिलाय समजून.
मासिकानं वाचलं: सात.
तिसऱ्या दिवशी एका आईचा निरोप आला,
'माझा कुठं गेला?'

संपादक म्हणाला, फोन कर.
तिथला टॉवर जाळून महिना झाला होता.
संपादक म्हणाला, मग राहू दे, एका नावासाठी...
तोवर ती हेल्मेटचा पट्टा लावत होती.

जाताना नाका रिकामा होता. येताना नव्हता.
आडवा बांबू, तीन पोरं,
बंदुका त्यांच्याहून वयानं मोठ्या.
जीव मुठीत धरतात म्हणे. माझ्या मुठीत क्लच होता.
'ही कोण?'
'मेहुणी. जन्माची मुकी. बहिरीपण.'
मासिकानं गुळणी धरली.
जवळ कागद नव्हता, कागद सापडतो.
नाव तोंडातच होतं, आईच्या नावासकट.

सगळ्यात लहानग्याच्या गळ्यात
सुतळीनं बांधलेला ट्रान्झिस्टर.
दुपारचं पुनःप्रसारण लागलं होतं,
आणि त्यातून मासिका बोलू लागली.

मी आरशात पाहिलं.
बहिऱ्या माणसाचा चेहरा कसा असतो मला माहीत नाही,
तिचा तसा होता.
यादी सुरू झाली. पोरगा ओठ हलवत होता,
नावं पाठ झाली होती त्याला.
चौथ्या नावानंतर तिचा गुडघा माझ्या कमरेत रुतला.
'चांगलं बोलते ही बाई,' पोरगा तिच्याकडे बघत म्हणाला,
'माझी आई ऐकायची.'
मग त्यानं सिगारेटी मागितल्या. पाकीटच दिलं.
बांबू वर गेला.

पुलापर्यंत ती मुकीच राहिली.
पुलावर म्हणाली, 'चौथ्यानंतर मी श्वास घेतलाय.
ऐकू येतो तो.'

संध्याकाळी सहाला पेट्रोलच्या टपरीवर आम्ही सगळे उभे होतो.
'शनिवारी आम्ही सात म्हणालो. आठ.
मुम्बेरे दोन होते.'
मग दोघांची पूर्ण नावं, दोघांच्या आयांची,
एकही अक्षर न गिळता.
टपरीवाला एकाच बाटलीचं बूच
पुन्हा पुन्हा घट्ट करत राहिला.
मला ती सुतळी दिसत होती.
त्या दिवशी त्या नाक्यावरून
एकच मोटारसायकल गेली होती,
आणि एकपर्यंत मोजायला
तिघांपैकी एखाद्याला तरी येत असेल.

घरी बायकोला सांगितलं.
'मला कुठं बहीण आहे?' ती म्हणाली.
मग बऱ्याच वेळानं, ताट वाढताना,
'नाव काय सांगितलंस तिचं?'

सांगितलंच नव्हतं. मुक्या बाईचं
कुणी विचारलं नाही.
गुरुवारी त्याच रस्त्यानं पुन्हा जायचंय, दुसरा नाही.
एखादं नाव
ठरवून ठेवायला हवं.