टाकी

दिघ्याच्या डोंगरावर, इलठणपाड्याच्या वरच्या अंगाला
एक टाकी आहे सिमेंटची, निळी,
आणि एक यल्लूबाईच्या पिशवीत,
वीतभर, पोलादी, टोक झिजलेली.
मी दोघींबद्दल सांगतोय. गल्लत झाली तर होऊ द्या.

माझ्याकडे फक्त सहावीचा हजेरीपट.
मंगळवारी, शुक्रवारी मुलींच्या नावांपुढे
भोपळ्यांचा वेल पसरलेला.
पाणी साडेदहाला यायचं, शाळाही साडेदहाला भरायची.
मी तीन अर्ज केले. तिन्हींना आवक क्रमांक मिळाले
सुबक, जांभळ्या शाईत.
पाणीवाले म्हणाले, शाळेने वेळ बदलावी.
शाळा म्हणाली, पालकांनी मुली पाठवाव्यात.
पालक म्हणाले, मग हंडा काय गुरुजी धरतील?

यल्लूबाई धोत्रे पाट्या-वरवंट्याला टाकी लावत हिंडायची.
मिक्सर आले, धंदा बसला,
पाय मात्र हिंडायचे थांबले नाहीत.
कुठल्या मंडळाची अध्यक्ष नाही, गटाची सचिव नाही,
मतदारयादीतही आडनाव चुकलेलं.
पण कुठल्या घरात कोण कुणाशी बोलत नाही
आणि नेमकं कधीपासून,
हे तिला तोंडपाठ.

तिने मोर्चा काढला नाही. मला थोडा रागच आला.
घोषणा लिहून देतो म्हणालो.
"गुरुजी, पाटा गुळगुळीत झाला की मिरची नुसती घसरती,
वाटली जात न्हाई.
म्हणून घण घालून चालंल का? दोन तुकडे व्हतील.
टाकी बारीक मारायची. समद्या अंगानं."

व्हॉल्व्ह फिरवणारा सदानंद मढवी. ती त्याच्या आईकडे गेली,
मोरीमागचा पाटा बाहेर काढायला लावला,
फुकट टाकी लावली
आणि उठता उठता विचारलं,
तुमच्या नातीची शाळा किती वाजता हो?
बस, एवढंच.
पंपावरचा रामसजीवन म्हणाला, पहाटे पंप लावीन,
पण अंधारात एकटा डोंगर चढणार नाही.
नाक्यावर रात्र रात्र बसणारी पोरं होतीच,
त्यांच्या हातात तिने बॅटरी दिली.
खालची आळी आणि वरची आळी एका पाइपावरून
दोन वर्षं अबोल. तिथे काय बोलली, माहीत नाही.
बायका सांगत नाहीत.

मग एक दिवस माझ्या टेबलाशी उभी.
"ती भोपळ्यांची वही द्या."
नियमात बसत नव्हतं.
दिली.

पाणीखात्यातल्या मॅडमनी पानं उलटली,
एका नावावर बोट थांबलं, कुणाच्या ते कळलं नाही.
म्हणाल्या, "वेळ बदलणं माझ्या हातात नाही."
यल्लूबाई म्हणाली, "माझ्याबी न्हाई."
आणि दोघी हसल्या म्हणे,
जिन्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या.

पंधरा दिवसांनी पाणी पहाटे सव्वापाचला आलं.
आदेश नाही, पत्र नाही.
मी जावक क्रमांक शोधत राहिलो.

नाक्यावर आभाराचा फलक लागला,
अकरा चेहरे, दोन 'भावी', सगळ्यांचे हात जोडलेले.
त्याच्या सावलीत बसून ती तंबाखू मळत होती.
मी म्हणालो, टाकीचे घाव सोसल्याशिवाय
देवपण येत नाही, यल्लूबाई.
"देव कशाला करता? पाटा हाये तो.
सा म्हैन्यांनी परत गुळगुळीत.
परत लावावी लागती."

खरंच आहे. वरच्या आळीत धार अजून करंगळीएवढी.
शेवंता मुडे आठवड्यातून दोनदा येत नाही,
आता कारण पाणी नाही, धाकटा भाऊ आहे.
वेल वाळलेला नाही, पानं कमी झालीत.

फलकावरून नजर काढून ती म्हणाली,
"तुमच्या घरी पाटा हाये का, गुरुजी?"

आहे. ऐरोलीला, गॅलरीत.
त्यावर तुळशीची कुंडी ठेवलीय.
मी नाही म्हणणार होतो.

रविवारी येते म्हणालीय.