सहा दिवसांचं पाणी

वेल्टामावशीला रीगाला जायचं होतं, गाण्याच्या उत्सवाला.
पाच वर्षांनी एकदा येतो तो,
आणि येतो तेव्हा ऐन जुलैत,
टोमॅटो लाल व्हायच्या बेतात असताना.
मागचे तीन उत्सव तिनं काचघरातच काढले,
रेडिओ पालथ्या कुंडीवर, हातात झारी.
यंदा म्हणाली, "गुंटार्स, तू जहाजांवर वायरिंग केलंस ना?
मग सहा दिवस मला सोडव."

पहिला टायमर मी चुकीचा आणला.
सहाच्या ठोक्याला टक् झाला, हिरवा दिवा लागला
आणि पाणी ढिम्म.
त्याच्या झडपेला नळाचा जोर लागतो.
आमच्याकडे नुसतं पिंप, डेअरीतून आणलेलं, निळं,
मधमाश्यांच्या रिकाम्या पेट्यांवर चढवलेलं,
आणि तेवढ्या उंचीचा जोर
बाळाच्या फुंकरीएवढा.
मावशी बाकावर वाटाणे सोलत होती.
"दिवा छान आहे," म्हणाली.

दुसऱ्यासाठी वाल्मिएरापर्यंत गेलो.

थेंबाथेंबानं तळं साचतं म्हणतात.
मला थेंबाथेंबानं पिंप रितं करायचं होतं,
तेही असं, की पहिल्या रोपाला आणि एकतिसाव्याला
डावं-उजवं वाटू नये.
तळघरातून जॅमच्या एकतीस बरण्या काढल्या,
एकेका नळीखाली एकेक.
संध्याकाळी बघतो तर दाराजवळच्या भरून वाहतायत,
टोकाच्या तिघींचा जेमतेम तळ ओला.
मग गुडघ्यांवर रांगत, पाइपाखाली बर्चच्या चिपा सारत
उतार काढून टाकला, बोटभर इथं, नखभर तिथं.
विहिरीच्या पाण्यात लोखंड.
नळ्यांच्या तोंडाशी तांबूस गाळ धरायचा.
मावशीनं आतून नायलॉनचा पायमोजा आणला, टाचेला विरलेला.
"हा लाव. यातून मी दोन लग्नांत नाचलेय."

हिशेब केला: रोपाला रोज लिटर,
एकतीस रोपं, सहा दिवस, एकशे शहाऐंशी.
पिंप दोनशेचं.
"मग वरचे चौदा कुणाचे?"
"कुणाचेच नाहीत. चुकीसाठी."

ती गेली, लोकरीचा परकर खोक्यात घालून.
आता माझं काहीच काम नव्हतं,
म्हणून रोज पहाटे साडेपाचला मी तिथं.
आपोआप चालणाऱ्या यंत्रावर
एवढा पहारा मी जहाजावरही दिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी आठला, फोन.
"पाणी ऐकव."
मी फोन सतराव्या रोपाच्या बुडाशी धरला.
ठिप.
तिकडून हजारो गळे, तालमीतले,
मध्येच कुणीतरी त्यांना थांबवलं असावं,
कारण अचानक दोन्हीकडे
तेवढा एकच आवाज उरला.
ठिप.
"बरं," म्हणाली आणि ठेवला.

चौथ्या सकाळी उंबऱ्यातल्या विटांच्या फटीत
शेपूची मान पडलेली दिसली.
कुणी न पेरलेला शेपू. माझ्या मोजणीत नव्हता.
झारीतलं शेवटचं घोटभर
ती जाता जाता त्याच्यावर ओतायची,
हे मी शंभरदा पाहिलं होतं
आणि एकदाही लिहून घेतलं नव्हतं.
पिंपात मग बुडवला.

ती परतली तेव्हा आवाज पार बसलेला.
टायमरकडे बघितलंसुद्धा नाही.
मातीत बोट खुपसलं, दुसऱ्या पेरापर्यंत,
पहिल्याच्या, मधल्या कुठल्याशा, एकतिसाव्याच्या.
मग उंबऱ्याशी थांबली, शेपूकडे बोट, भुवया वर.
"चौदातलं," मी म्हणालो.

तिनं एक काडी मोडली, अर्धी मला दिली.
आम्ही चावत उभे राहिलो.
आठ वाजले. आत टक् झालं.
तिचा हात सवयीनं झारीकडे गेला,
झारी रिकामी होती,
तरी तिनं ती उचलून घेतली.