एक, दोन

राहुड घाट उतरला की टेम्पोत कुणी बोलत नाही.
मागे स्पीकर, मॉनिटर, ताडपत्री
आणि ताडपत्रीवर मी नि पुंजाराम,
जागा होईल तसे आडवे.
ढोलकी गोधडीत.
दवानं पान ढिलं पडतं, म्हणतो.
स्वतः हाफ शर्टात कुडकुडतोय.

शहाद्याहून निघालो तेव्हा साडेबारा.
उरलेले पैसे फोनवरून टाकतो म्हणाले.
सरपंचाच्या मेव्हण्याचं नेटवर्क गेलं होतं,
ते अजून आलेलं नाही.

पिंपळगावच्या टोलला निर्मलाताई जागी होते.
पुढे, जनार्दन ड्रायव्हरशेजारी,
गळ्याला मफलर, गालात ज्येष्ठमध.
पोस्टरवर तिचं वय पंचवीस,
गेली सोळा वर्षं.
लिलावाला लागलेल्या कांद्याच्या ट्रॅक्टरांकडे बघत
खरखरत्या आवाजात विचारते,
सहाच्या आत पोचू ना रे?
पोराची चाचणी परीक्षा आहे, डबा करायचाय.

माझं काम वायरींचं.
कोपर आणि अंगठ्यात केबल गुंडाळायची नाही,
शकूरभाईंनी पहिल्याच दिवशी हातावर चापट मारून सांगितलं.
एक वेढा सुलटा, एक उलटा.
नाहीतर तांब्याला पीळ बसतो
आणि भर गाण्यात बाहेर पडतो.
शकूरभाई आता भद्रकालीत मोबाइलची कव्हरं विकतात.
डावा कान गेला.
गिऱ्हाईक उजवीकडून आलं तरच भाव सांगतात.

लोक यायच्या आधी मी माईकपुढे उभा राहतो.
हॅलो. हॅलो. एक. दोन. एक. दोन.
साक्री, नांदगाव, सटाणा, सुरगाणा,
कुठल्या कुठल्या गावांनी माझा आवाज ऐकलाय:
रिकाम्या खुर्च्यांनी,
खुर्च्या मांडणाऱ्या पोरांनी,
एकदा एका म्हशीनं, मान वर करून.
तीनपर्यंत जायची वेळ येत नाही.
दोनात कळतं सगळं,
शिट्टी मारतोय का, बेस गुरगुरतोय का.

गेल्या महिन्यात कार्यक्रम नाशकातच होता,
सातपूर कॉलनीत, घरापासून अकरा मिनिटांवर.
अंघोळ करून, दुपारचं जेवून, चालत कामाला गेलो.
असं आयुष्यात पहिल्यांदा.
पाच वाजता माईक हातात घेतला.
एक. दोन.
खालून, तिसऱ्या ओळीतून, कुणीतरी ओरडलं,
तीन!
रेवा. आईचा हात सोडून खुर्चीवर उभी.
मग चार, पाच, सहा,
कीबोर्डवाला हसायला लागला,
सात, आठ,
मंडपाच्या कापडाला लागून तिचा आवाज परत येत होता
आणि त्याला कसली वायर नव्हती.
अकरावर थांबली. पुढचं अजून शिकवलेलं नाही.
मला काय करावं सुचेना.
हाताला काम हवं म्हणून
केबल गुंडाळायला लागलो,
कोपरावरून, चुकीची,
जोडलेलीच होती तरी.

ओझर गेलं. आडगाव नाका गेला.
द्वारकेला पुलाखाली टेम्पो थांबतो
तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं,
चहावाला स्टोव्हला पिन मारतोय.
निरोप कुणी घेत नाही.
पुंजाराम गोधडी काखेत मारून
काठे गल्लीकडे चालू लागला,
निर्मलाताई रिक्षावाल्याशी वीस रुपयांवरून भांडतेय,
रात्री हजार माणसांना पुरलेला आवाज
आता एकालाही नीट ऐकू जात नाही.

नग मोजले का, जनार्दन विचारतो.
मोजले.
एक स्टँड कमी आहे.
कोरसचा. कोरसवाल्या आल्याच नाहीत,
मी टेस्टपुरता लावला होता.
म्हणजे शहाद्याच्या मैदानात असेल,
दवात भिजत, उष्ट्या पत्रावळ्यांत एकटाच उभा,
अजून माझ्या तोंडाच्या उंचीवर.