हळू बोला, काका

सव्वीस वर्षं मी रिक्षाच्या मागच्या सीटवर बसून ओरडलो.
टपावर दोन कर्णे, मांडीशी बॅटरी,
शहापुरातून वडगाव, वडगावातून अनगोळ,
परत येताना खडेबाजार.
साड्यांचा सेल, सर्कस, दातांचा डॉक्टर,
एकदा तर हरवलेली म्हैस, कपाळावर पांढरा ठिपका.
प्रत्येक वाक्य दोनदा,
आधी मराठीत, मग कन्नडमध्ये,
मधल्या फटीत एक श्वास.
चौकात पाट्यांवरून भांडण पेटलं की
कुणाच्या अक्षरांवर डांबर यायचं,
कुणाच्या काचा जायच्या.
माझी रिक्षा मधून निघायची.
आवाजाला कुठं फासणार डांबर?
भरमा आला, म्हणायचे लोक, आणि वाट द्यायचे.

मग दंड बसायला लागला.
मग कर्णे गेले भंगारात, किलोवर.

टिळकवाडीतल्या ऑफिसात शर्वाणी म्हणून एक पोर बसते,
माझ्या धाकटीपेक्षा लहान.
तिनं हातात फोन दिला.
इथं खोली उघडायची, काका,
भिंती नाहीत, तोंडं दिसत नाहीत,
नुसते आवाज येऊन बसतात.
मी घसा खाकरला, सुरू केलं,
माझ्या तमाम बंधू आणि भगिनींनो,
तिनं कानातली बोंडं ओढूनच काढली.
ओरडालाय कशाला?
ते रस्त्यावर नाहीत.
कुणी अंथरुणात आहे, कुणी भांडी घासतंय,
कुणी रात्रपाळीच्या खुर्चीत.
हळू बोला. एकाच माणसाशी बोलताय असं.

एकाच माणसाशी.
ती सवय मला आहे का, आमच्या यल्लूबाईला विचारा.

पहिल्या रात्री नऊ वाजता दोनशे अकरा जण.
वडगावच्या मागावरची साडी विकायची,
आणि दाखवायची नाही.
धारवाडची एक बाई म्हणाली, बण्ण ह्यांग ऐतिरी?
रंग. आता रंग कसा सांगणार तोंडानं?
मी म्हटलं, कोकम सोलल्यावर
दोन दिवस नखाच्या कडेला राहतो ना, तो.
कुणीच काही बोललं नाही.
मग दांडेलीतून एकजण, आमच्या परसात हाय की झाड.
मी पदर फोनजवळ धरून चुरगाळला.
तो आवाज त्यांनी परत मागितला.
सोळा साड्या गेल्या.
शर्वाणी म्हणाली, ह्याला भरवसा म्हणतात,
तिच्या तक्त्यात त्याचा एक रकाना आहे.

पुढच्या महिन्यात कुंदा.
मला साखर आहे, सात वर्षं बोटाला लावून चाटलेला नाही.
तरी सांगत होतो, कढईच्या तळाची खरवड,
तिचा तो करपायच्या आधीचा वास,
रवाळ कण जिभेवर कसा उशिरा विरघळतो.
मधेच एक कोवळा आवाज,
काका, तुम्ही आज खाल्लात?

कर्ण्याला कान नव्हते.
सव्वीस वर्षांत कुणी रिक्षाच्या मागून पळत येऊन
विचारलं नव्हतं, दातांचा डॉक्टर तुम्हाला माहीत आहे का,
म्हैस तुम्ही पाहिलीत का.
मी थांबलो.
शर्वाणीनं काचेपलीकडून मान हलवली, जोरजोरात, हो म्हणा.
मी म्हटलं, नाही बाळ. साखर आहे मला.
मला आठवतो तो कुंदा, तोच सांगतोय.

त्या रात्री मिठाईवाल्याचे डबे कमी पडले.

सोमवारी तिनं चहा मागवला, माझा बिनसाखरेचा.
काका, ते साखरेचं परत घ्या ना.
तसंच. आधी थांबून.
थांबा तर जास्तच छान होता.

आता दर गुरुवारी मी तेच खरं सांगतो,
त्याच जागी अडखळतो,
चार सेकंद, तिनं मोजून दिलेत.
विचारणारा पोरगाही आता ऑफिसातलाच आहे.

रात्री घरी आलो की यल्लू ताट वाढते,
विचारते, काही खाल्लंत का तिकडं?
मी तोंड उघडतो,
आणि आधी चार सेकंद जातात.
ती डाव हातात धरून बघत राहते.
काय झालं,
बोला की.