सामासिक अंतर

चौथीत बाई सांगायच्या, समास सोडा, पोरींनो.
डावीकडे बोटभर. मी दोन बोटं सोडायचे
आणि घरी बोलणी खायचे,
कागद फुकट घालवते म्हणून.

आता त्रिमूर्ती चौकात, झेरॉक्सच्या दुकानावर
माझं टेबल आहे. लोकांची घरं काढते.
सिडकोची पाचवी स्कीम, सहावी स्कीम:
एक खोली, मोरी, पुढे हातभर ओटा.
त्यावर दुसरा मजला, मग तिसरा, मग भाडेकरू.
बाजूला मी तुटक रेघ मारते,
आणि बारीक अक्षरात लिहिते: सामासिक अंतर.
गिऱ्हाईक विचारतं, हे काय?
हवा, मी म्हणते.
असू द्या कागदावर, ते म्हणतं.

मुरलीधर पगारही हेच म्हणाले होते.
अंबडला फिटर. हाताला ग्रीसचा वास, हिशेब चोख.
दोन वर्षांनी पुन्हा जिना चढून आले.
मॅडम, झोप येत नाही.
जशी काही मी डॉक्टरच.

गोळी चालू होती. दिवसाही ट्यूब चालू होती.
बायको भांड्यांशी बोलते, म्हणाले,
पोरगा दारातूनच दप्तर फेकून पळतो,
आणि मी चिडतो, कशावर ते कळत नाही.
कुणी उंबऱ्याखाली तांब्याची पट्टी पुरायला सांगितली.
पुरली.
तुम्ही एकदा वास्तू बघता का?

रविवारी टेप घेऊन गेले.
दोन घरांच्या मध्ये हात घातला,
कोपरापर्यंत गेला, मग अडकला.
इकडे पगारांची भिंत, तिकडे खैरनारांची,
खाली कुणाचा तरी प्लास्टिकचा चेंडू,
न निघालेला, रंग उडालेला.
दोघांचेही नकाशे पास.
दोन्ही माझ्याच हातचे.

सुरेखाताई म्हणाल्या, आधी
दात घासताना पांडवलेण्यांचा डोंगर दिसायचा.
आता टाकी धुवायला वर गेलं तरच.
त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही.
दूध महागलं, अशा सुरात सांगितलं.

भिंत काही मागे सरकत नाही.
जिन्यावरचा पत्रा काढा, मी म्हटलं,
तिथे जाड काच टाका, बाजूला जाळीच्या विटा.
पगारांनी मान हलवली,
तांब्याच्या पट्टीला हलवली असेल तशीच.

दिवाळीनंतर राहिलेले दोन हजार घ्यायला गेले.
बारा वाजले होते.
उजेड जिन्यावरून खाली उतरला होता,
थेट मोरीच्या दारापर्यंत,
नवख्या पाहुण्यासारखा, चप्पल कुठे काढावी कळेना असा.
तिसऱ्या पायरीवर सुरेखाताई मटार सोलत होत्या.
दोन पायऱ्या खाली खैरनारांची श्रावणी,
मांडीवर भूगोल. त्यांच्याकडे दिसत नाही म्हणे.

कबुतरं काच घाण करतात, सुरेखाताई म्हणाल्या.
तिरपा पाऊस आला की पायऱ्या भिजतात.
तुमच्या त्या जाळीनं मेला धूरही येतो शेजारचा.
पगार कामावर गेले होते.
झोपेचं मी विचारलं नाही.

पैसे आणते, म्हणत त्या उठल्या,
मग पुन्हा बसल्या.
ताट माझ्याकडे सरकवलं,
आणि पायरीवर थोडं आत सरकून म्हणाल्या,
सोला, बसल्या बसल्या.