निम्मी फी

दोन्ही पक्षांनी मिळून मला नेमलं.
फी निम्मी यांची, निम्मी जर्मनांची.
म्हणून भोसरीच्या कारखान्यात
मी माझ्याच थर्मासमधला चहा प्यायले.
सबनीस मॅनेजर ओशाळले, "मॅडम, साधा चहा तर आहे."
साधाच.
पण लवादापुढे कपसुद्धा मोजतात.

तुटलेला शाफ्ट टेबलावर,
दोन तुकडे, भांडून पाठ फिरवलेले.
वकिलांची पानं तीन हजार.
पोलादाचं म्हणणं नखाएवढं.
भिंगाखाली धरलं तर तुटल्या जागी
शिंपल्यावर असतात तशा वळ्या,
त्या उलट मोजत मोजत मागे गेले
आणि पोचले भाग क्रमांकातल्या
साताच्या शेपटीपाशी.
भेग तिथून निघाली होती.

क्रमांक नेमका तिथेच हवा, हा हट्ट त्यांच्या ड्रॉइंगचा.
ठसा इतका खोल, हा हात आमच्या
(इथे थांबले. "आमच्या" खोडलं.)
हा हात कारखान्याचा.

हात रोहिदास गव्हाणेंचा.
बावीस वर्षं ठसेच मारतायत.
म्हणाले, "पुसट दिसला की तिकडून माल परत येतो, ताई.
म्हणून जरा जोर लावायचो."

अहवालात जोराचं कारण लिहायला रकाना नव्हता.
सिंगापूरच्या तिघा लवादांनी
कारण विचारलंही नव्हतं.
मी खोली लिहिली, ०.७४ मि.मी.
तारीख घातली, सही केली.

परतताना नाशिक फाट्यावर गाडी थांबवली.
टपरीवरचा चहा, पैसे माझे.
ग्लासवर उठलेल्या आकड्यावरून
अंगठा फिरवत बसले बराच वेळ.