मंगळवार

बेंजो एकच, आम्ही तिघं.
सोमवार-मंगळवार हेरंबकडे, भांडुपला,
बुधवारपासून माझ्या पलंगाखाली.
शनिवारी पास्कू येतो,
बोटांना अजून पाइपच्या गोंदाचा वास,
आणि आधी विचारतो,
'ग' अडकतो का रे अजून?

अडकतो.
त्या कळीखाली बॉलपेनची स्प्रिंग आहे.

नवानंतर पट्टा थांबला
की भालेकरांच्या गिरणीत तालीम.
ढोलकीवर पिठाचा थर,
पहिल्या थापेला उडतो, भालेकर शिंकतात,
तीच आमची सम.
नोटेशन कुणालाच येत नाही.
पास्कू एका जागी हमखास घसरायचा,
मग आम्हीही तिथेच घसरू लागलो.
परवा कांजूरच्या हळदीला
त्याच जागेवर वन्स मोअर मिळाला.

दुसऱ्या बेंजोपुरते पैसे
केव्हाच जमलेत डब्यात.
हेरंब दर महिन्याला मोजतो,
झाकण लावतो.
मागे त्यातूनच गिरणीचा पंखा दुरुस्त केला,
एकदा सगळ्यांनी पापलेट खाल्लं.

आज मंगळवार.
मी जेवता जेवता
ताटाच्या कडेवर बोटं चालवतोय.
बायको आमटी वाढता वाढता थांबते,
म्हणते, आज 'ग' बरोबर लागला बघ.